माती सांगेल, कागद सांगेल

सुट्टी लागली की घराघरांत तोच प्रश्न निघतो : मुलांना गुंतवायचं कशात? मग बाजारातून हस्तकलेचा तयार संच येतो. खोक्यात तुकडे आधीच कापलेले असतात, कुठला तुकडा कुठे लावायचा ते चित्रात दाखवलेलं असतं आणि तासाभरात झाकणावर छापलेल्या चित्रासारखी वस्तू तयार होते. वस्तू देखणी असते, मूलही खूश होतं. पण तेवढ्या वेळात त्याला स्वतःचा एकही निर्णय घ्यावा लागलेला नसतो. साहित्याशी त्याची झटापटच झालेली नसते आणि हस्तकलेतलं सगळं शिक्षण त्या झटापटीत असतं.

हस्तकलेत मुलाचा खरा शिक्षक म्हणजे हातातलं साहित्य. कागद, माती, रंग, काडी यांचे स्वभाव वेगवेगळे आणि कुणाच्या इच्छेला न बधणारे. साहित्य रागावत नाही, घाई करत नाही आणि खोटं कौतुकही करत नाही. घडी तिरकी पडली तर टोपी डोक्यावर बसत नाही. जोड कच्चा राहिला तर बैलाचं शिंग गळून पडतं. कुठे चुकलं ते मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघतं आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतं. मारिया मॉन्तेसरी यांनी आपली शिक्षणसाधनं याच तत्त्वावर बेतली होती : चूक मोठ्यांनी दाखवायची नाही, ती साधनातूनच मुलाला दिसली पाहिजे.

हा विचार जुना आहे आणि आपल्याकडे तो चांगला रुजलेलाही आहे. जर्मनीत फ्रिडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली. पुढे तिलाच ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळालं. तिथे लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांचं विणकाम हाच अभ्यास होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम मांडली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्तेसरींची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या असं आजूबाजूला सहज मिळणारं सामान हाताशी धरलं. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या बालवाड्यांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखवली : मुलाच्या हाताला काम देण्यासाठी पैसा नव्हे, नजर लागते.

तीच नजर ठेवून घरात किंवा वर्गात सहज करता येतील असे काही उद्योग बघू. प्रत्येक ठिकाणी काय करायचं याबरोबरच साहित्य तसं का वागतं तेही समजून घेऊ. कारण मूल ‘असं का?’ विचारणारच, आणि ते विचारायलाच हवं.

कागद : फाडण्यापासून सुरुवात

कात्री हातात द्यायच्या आधी कागद फाडू द्यावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं काम पुरतं. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढे, एक मागे नेताना बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. फाडलेल्या तुकड्यांचं चिकटचित्र होतं. फाटलेली कड मऊ आणि केसाळ असल्याने त्यातले ढग, डोंगर, मांजराची पाठ कात्रीने कापलेल्यांपेक्षा जास्त जिवंत दिसतात.

जरा मोठ्या मुलाला वर्तमानपत्राचं पान द्यावं आणि आधी वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे फाडायला सांगावं. एका दिशेने सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने कागद वेडावाकडा फाटतो. कागदाच्या कारखान्यात पातळ लगदा पुढे सरकणाऱ्या जाळीवर पसरला जातो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या सरकण्याच्या दिशेने लागतात. तंतूंच्या दिशेने फाडलं तर कागद सरळ जातो; त्यांना छेदून फाडलं की फाट वाट चुकते. वर्तमानपत्रात हे तंतू बहुधा पानाच्या उंचीला समांतर असतात. घडीचंही तसंच. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ पडते, आडवी घडी जाडसर राहते. कागदाचा एक लहान चौकोन एका बाजूने ओला केला की तो गुंडाळतो, आणि गुंडाळी कुठल्या अंगाने झाली यावरूनही तंतूंची दिशा ओळखता येते. मुलाच्या हातात एकदा हे आलं की भेटकार्ड करताना ते आधी कागद चाचपून बघतं.

घरातला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. तो मधोमध दुमडून कापला की होणारा अर्धा कागद आकाराने लहान, पण प्रमाणाने अगदी मूळ कागदासारखाच असतो. त्याचा पुन्हा अर्धा केला तरी तेच. एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवले की सगळ्यांचे कर्ण एकाच रेषेत येतात. नऊ-दहा वर्षांचं मूल हे स्वतः पडताळून बघू शकतं आणि त्यातून मोठ्यापासून इवल्यापर्यंत पाच-सहा वह्यांचा संच शिवून तयार होतो.

आणखी एक जादू कागदाच्या पट्टीत आहे. चाळीस सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. तिचं एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकाला चिकटवा. आता पट्टीच्या मधोमध पेन्सिलने रेघ ओढत जा. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही अंगांवरून फिरून सुरुवातीला येऊन मिळते. त्या रेघेवरून कात्री चालवली तर दोन कडी सुटी होतील असं वाटतं, पण निघतं ते एकच लांब, पिळदार कडं. तशीच दुसरी पट्टी करून कडेपासून एक तृतीयांश अंतरावरून कापत गेलं, तर एकमेकांत अडकलेली दोन कडी मिळतात : एक मोठं, एक लहान. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८५८ मध्ये या पट्टीचा अभ्यास केला. मुलांना त्याचं नाव नंतर सांगितलं तरी चालेल. आधी काय होईल याचा अंदाज करायला लावावा आणि मगच कात्री द्यावी.

कात्रीबद्दल दोन गोष्टी. अंगठा वर ठेवून कात्री सरळ धरायची आणि वळणावर कात्री न फिरवता दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा; एवढं जमलं की गोल कापणं सोपं होतं. दुसरी गोष्ट डावखुऱ्या मुलांची. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांवर घासतील अशी बसवलेली असतात. डाव्या हातात तीच पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात. कागद कापला न जाता मध्ये दुमडतो, शिवाय कापायची रेघ पात्याआड जाते. अशा मुलाला ‘हात चालत नाही’ असं ऐकावं लागतं, आणि दोष असतो कात्रीचा. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते. ती आणून दिली की फरक लगेच दिसतो.

चिकटवण्यासाठी खळ घरी करता येते. एक चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. गॅसपाशी मोठ्यांनी उभं राहावं. पुस्तकबांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांच्या खळीत घालू नये. साधी खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. आंबली की टाकून द्यावी.

काड्या : त्रिकोण हटत नाही

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता हे नाव शिक्षकांना नवं नाही. आयआयटी कानपूरमधून अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने आयुष्य मुलांच्या खेळण्यांना वाहिलं, पुण्यातल्या ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची त्यांची जोडणी मुलांना वेड लावते.

करायला ती अगदी सोपी आहे. मोठ्यांनी काड्यांचं गूल आधी काढून टाकावं. सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक रबरी नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक काडी खुपसली की झाला वाकणारा सांधा. तीन काड्या आणि तीन तुकडे यांचा त्रिकोण होतो, चार-चारांचा चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबून बघायचे. चौकोन लगेच कलतो, पतंगासारखा होतो. त्रिकोण जागचा हलत नाही. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात, चौकोनाचं तसं नसतं. कललेल्या चौकोनात कर्णाच्या जागी एक लांब काडी किंवा उदबत्तीची काडी बसवली की तोही ताठ होतो. त्यानंतर मूल रेल्वेपुलाकडे, विजेच्या मनोऱ्याकडे, मंडपाच्या सांगाड्याकडे बघतं तेव्हा त्याला जिथे तिथे त्रिकोण दिसू लागतात. इथे कुणी सूत्र शिकवलेलं नसतं. ते बोटांना आधी कळलेलं असतं.

माती : बैलाचे पाय का तुटतात

मातीकाम मुलांना सगळ्यात जास्त आवडतं, आणि अनेक घरांत ‘पसारा होतो’ म्हणून सगळ्यात आधी तेच टाळलं जातं. जमिनीवर जुनी गोणी, बाजूला पाण्याची वाटी आणि हात पुसायला फडकं, एवढ्याने पसारा आटोक्यात राहतो.

आपल्याकडे मातीकामाला सणाचं निमित्तही आहे. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला पोळा असतो. दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर येतो आणि घरोघर मातीचे बैल पुजले जातात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. म्हणजे मुलांनी बैल करण्याची प्रथा आपल्या अंगणातच आहे. बाजारातून आणलेल्या बैलाऐवजी मुलाने केलेला बैल पाटावर ठेवायचा, इतकंच.

शाडूची माती गणपतीच्या दिवसांत सगळीकडे मिळते. मोसंबीएवढा गोळा घेऊन तो कणकेसारखा मळायचा. बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त आहे, कडेने भेगा पडत असतील तर कमी. मुलाने हे बोटांनी ओळखावं, आपण सांगू नये. पहिला बैल करताना बहुतेक मुलं एक लांबट गोळा अंग म्हणून घेतात, चार वळकट्या पाय म्हणून चिकटवतात, वर डोकं ठेवतात. ओला असताना बैल झकास उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर दोन पाय निखळलेले आणि मानेला भेग.

कारण मातीच्या कणांत आहे. चिकणमातीचे कण चपटे, पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो. त्या पाण्यामुळे कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून माती हवी तशी वळते. वाळताना पाणी निघून जातं, कण जवळ येतात आणि सगळी वस्तू आक्रसते. बारीक पाय आधी वाळतात आणि आक्रसतात. जाड पोट अजून ओलंच असतं. दोघांची ओढाताण होते आणि सगळ्यात कच्ची जागा, म्हणजे जोड, तुटतो.

हे कळलं की उपायही मुलालाच सुचतात. पाय वेगळे चिकटवण्याऐवजी त्याच गोळ्यातून चिमटीने ओढून काढायचे. वशिंडही तसंच, वरच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीने माती वर चिमटत न्यायची. शिंगं, कान वेगळे लावायचेच असतील तर दोन्ही बाजूंना काडीने आडव्यातिडव्या रेघा ओरबाडायच्या, त्यांवर मातीचा दाट घोळ लावायचा, मग दाबून बसवायचं आणि बोटाने सांधा सारवून घ्यायचा. बैल सावलीत वाळवायचा आणि पाय, शिंगं, कान यांच्यावर पहिल्या दिवशी ओलसर फडकं ठेवायचं, म्हणजे बारीक आणि जाड भाग सारख्याच वेगाने वाळतात. दुसऱ्या बैलाचे पाय टिकतात. ते टिकलेले पाय बघताना मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते कुठल्याही बक्षिसाने येत नाही.

यातूनच एक प्रयोग निघतो. काळी माती, शाडू आणि वाळू मिसळलेली तांबडी माती यांचे सारख्या आकाराचे तीन गोळे करून सावलीत ठेवावेत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना खूप आक्रसते, म्हणून तिला सगळ्यात मोठ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांचं कारणही तेच. कुंभार मातीत राख किंवा लीद का मिसळतात याचाही उलगडा तिथे होतो. शेवटी वाळलेला शाडूचा बैल बादलीभर पाण्यात ठेवावा. काही वेळात तो विरघळून पुन्हा माती होतो आणि त्याच मातीचा नवा बैल करता येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तसं होत नाही; ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट झालेलं असतं. शाडूच्या गणपतीचा आग्रह का धरायचा, हे मुलाला या एका बादलीत दिसतं.

हळद : स्वयंपाकघरातली रंगशाळा

रंगांची पेटी नसली तरी अडत नाही. हळद पाण्यात कालवून जाड कागदावर ब्रशने पसरावी आणि कागद वाळू द्यावा. मग कपडे धुण्याच्या साबणाचं दाट पाणी करून कापसाच्या काडीने त्यावर चित्र काढायला सांगावं. पिवळ्या कागदावर तांबडी रेघ उमटते. त्याच रेघेवर लिंबाचा रस लावला की ती पुन्हा पिवळी होते. मूल चकित होतं, आणि आपण त्याला एवढंच विचारावं : ‘आणखी कशाने होईल?’ मग चिंचेचं पाणी, खाण्याचा सोडा, दही, मीठ, साखर, सगळ्यांची परीक्षा होते. यादी करायची, अंदाज लिहायचा आणि करून बघायचं.

हळदीतलं कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि क्षारात तांबडं होतं. हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो, याचं उत्तर इथे आहे. पारंपरिक पद्धतीने हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. चुन्याच्या निवळीने रंग जास्त गडद येतो, पण चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. मुलांसाठी साबणच बरा.

जास्वंदीची लाल पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग उमटतो. लिंबाने तो गुलाबी होतो, सोड्याच्या पाण्याने हिरवट. गोकर्णाची निळी फुलं कोमट पाण्यात ठेवली की सुंदर निळं पाणी मिळतं आणि लिंबाचे थेंब पडताच ते जांभळं होतं. अंगणातल्या दोन झाडांवर पाच-सहा रंगांचं चित्र पुरं होतं.

हळदीचा दुसरा गुण म्हणजे ती उन्हाने फिकी पडते. त्यावरून फोटोसारखं चित्र काढता येतं. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मोठ्यांनी ती गॅसपासून दूर, थोड्या स्पिरिटमध्ये कालवून गाळून घ्यावी आणि सावलीत चित्रकलेच्या कागदावर एकसारखी लावावी. कागद अंधारात वाळला की त्यावर शेवग्याची डहाळी किंवा कढीलिंबाची काडी ठेवायची, वर काच दाबायची आणि कडक उन्हात ठेवून द्यायचं. उन्हाच्या तीव्रतेप्रमाणे काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. उघडा भाग फिकट होतो, पानाखालचा पिवळा राहतो आणि पानाची प्रतिमा कागदावर उतरते. वनस्पतींच्या रसांवर उन्हाचा असा परिणाम होतो, याचा अभ्यास जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये प्रसिद्ध केला होता. ही प्रतिमा कायमची टिकत नाही. पुस्तकात, उजेडापासून दूर ठेवली तर बरेच दिवस बघता येते.

दोन त्रिकोणांचा माणूस

‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्या मुलासाठी वारली चित्रकला हे चांगलं दार आहे. डहाणू-तलासरीच्या परिसरात वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात. पूर्वी हे काम बायकांचं असे. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी १९७०च्या दशकात ही चित्रं विधीच्या चौकटीबाहेर आणून रोजच्या जगण्याची केली आणि जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलाला नक्कल करायला देण्याआधी कागदाचे दोन लहान त्रिकोण कापून द्यावेत. एकाचं टोक खाली, दुसऱ्याचं वर, अशी टोकाला टोक जुळवायची. झाला माणूस, टोकं जुळली ती कंबर. आता खालचा त्रिकोण तसाच ठेवून वरचा थोडा पुढे कलवा : माणूस भात लावायला वाकला. मागे कलवा : नाचायला लागला. जास्त पुढे कलवला तर पाठीवर ओझं आलं. मूल त्रिकोण सरकवत राहतं आणि सगळी हालचाल कमरेत आहे हे त्याचं त्यालाच सापडतं. मग विटकरी रंगाच्या कागदावर किंवा गेरू लावलेल्या पुठ्ठ्यावर, तांदळाच्या पिठात थोडा गोंद घालून, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढू द्यावं. विषय मात्र त्याचा असावा : शाळेची बस, पाण्याची रांग, गल्लीतलं क्रिकेट. वारल्यांनी स्वतःचं जगणं रेखलं. मुलानेही स्वतःचंच रेखावं.

किल्ला : सगळ्या हातांचा उद्योग

दिवाळीतला किल्ला म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलांची सगळ्यात मोठी हस्तकला. आत दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा लेप. उतार फार उभा केला की चिखल घसरतो. गोणपाटाच्या जाळीत चिखल धरून ठेवला जातो, म्हणून ते घालायचं. तयार किल्ला विकत आणला की हे काहीच घडत नाही.

यंदा किल्ला करायच्या आधी मुलांना एखाद्या खऱ्या किल्ल्याचा नकाशा द्यावा. राजगडाला पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा अशा तीन माच्या आहेत आणि मध्ये उंच बालेकिल्ला. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला आहे. वळसा घेऊन जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही आणि पोचणाऱ्यावर दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो. मातीत तो दरवाजा करून बघितला, समोरून वाकून दिसतो का ते पाहिलं, की ही गोमुखी रचना पुस्तकातल्या वर्णनापेक्षा लवकर कळते. पाण्याची टाकी कुठे खोदायची, पाऊस पडला तर पाणी कुठून वाहील, हेही त्यांनाच ठरवू द्यावं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. राजगड आणि रायगड दोन्ही त्या यादीत आहेत.

किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरतात. अळीवच का? हे बी भिजलं की त्याच्याभोवती चिकट बुळबुळीत थर तयार होतो, त्यामुळे ते उतारावरून घरंगळत नाही, आणि दोन-तीन दिवसांत रुजतं. मुलांनी एका वाटीत अळीव आणि दुसरीत मोहरी भिजवून बोटाने फरक बघावा. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर चार-पाच दिवस आधी पेरावं आणि पाणी ओतू नये, शिंपडावं.

मोठ्यांनी काय करावं

मोठ्यांचं मुख्य काम साहित्य समोर ठेवणं आणि मग हात मागे घेणं. मुलाच्या कागदावर आपण रेघ मारू नये. फार अडलं तर शेजारी बसून आपल्या वेगळ्या कागदावर करावं. मूल बघतं आणि त्याला हवं तेवढं घेतं. तीन-चार वर्षांची मुलं मोठ्या गोल डोक्यालाच थेट हातपाय लावून माणूस काढतात. जगभरची मुलं या टप्प्यातून जातात, त्यामुळे ‘पोट कुठाय?’ म्हणून दुरुस्ती करण्याचं कारण नाही. ‘हे काय काढलंस?’ यापेक्षा ‘याच्याबद्दल सांग ना’ असं म्हटलं की मूल भरभरून बोलतं. ‘वा, छान!’ यापेक्षा ‘इथे तू दोन वेळा माती लावलीस, का बरं?’ हा प्रश्न त्याला जास्त सन्मानाचा वाटतो, कारण त्यात आपण नीट बघितल्याची खूण असते.

काळजी थोडी, पण नक्की घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, बिया, फुगे देऊ नयेत. आकाशकंदिलात किंवा खेळण्यात बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं असावं. असा सेल गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं. कटर, गरम गोंद आणि गॅस मोठ्यांच्या हातात राहावेत.

घरात एक खोकं ठेवावं. लग्नपत्रिका, पुठ्ठे, दोऱ्याची रिकामी रिळं, नारळाच्या करवंट्या, कापडाचे तुकडे, सुतळी, बाटल्यांची झाकणं त्यात पडत राहावीत. ‘आज काय करायचं?’ हे मुलाने त्या खोक्यात डोकावून ठरवावं. आठवड्यातला एखादा तास असा ठेवावा की त्यात स्पर्धा नाही, गुण नाहीत आणि वस्तू पुरी झालीच पाहिजे अशी अटही नाही.

आणि एक करावंच. मुलाला एखादी गोष्ट जमली की ती त्याच्याहून लहान मुलाला शिकवायला सांगावी. सात वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला बैलाला शिंगं कशी बसवायची ते दाखवू लागली की तिला आपली प्रत्येक कृती शब्दांत मांडावी लागते : आधी ओरबाड, मग घोळ लाव, मग दाब. भाऊ ‘का?’ म्हणून विचारतो आणि तिला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर तिने पाठ केलेलं नसतं. पहिल्या बैलाच्या तुटलेल्या पायांनी तिला ते दिलेलं असतं. एवढं झालं की त्या हस्तकलेचं काम पुरं झालं असं समजावं. बैल पाटावर राहिला काय किंवा बादलीत विरघळला काय, दोन्ही चालेल.